चिंचवडचें घर आणि पडद्यावरील देशभक्ति

आपल्या चित्रपटसृष्टीला जे कांहीं प्रसंग मनापासून आवडतात, त्यांत एका प्रसंगाचा क्रम फार वर लागेल. एका बाजूस आई, बाप, भाऊ अगर मुलगा उभा आहे. दुसऱ्या बाजूस देश, किंवा देशाचा प्रतिनिधि म्हणून कायदा, उभा आहे. आणि मध्यें सांपडलेला नायक क्षणभर डोळे मिटून घेतो. पुढें काय होणार हें प्रेक्षकास ठाऊक असतें. घराचें पारडें वर जातें, देशाचें खालीं येतें, वाद्यांचा गजर होतो, आणि आपण सारे डोळे पुशीत बसतों. हा प्रसंग इतक्या वेळां आपल्यापुढें आला आहे कीं, त्याच्या खरेपणाविषयीं शंका काढणारा मनुष्य देशप्रेमांत उणा आहे असें कोणासहि वाटावें. तरी ती शंका काढणें हें टीकाकाराचें कामच आहे. आणि ज्या गांवाच्या आधारानें ती येथें काढावयाची आहे, त्या गांवाच्या देशप्रेमाविषयीं कोणी शंका घेईल असें वाटत नाहीं.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करूं. धर्मसंकट म्हणजे सत् आणि असत् ह्यांतील निवड नव्हे. तशी निवड कठीण असेल, पण तींत संकट नाहीं. दोन्ही बाजूंस धर्मच आहे, आणि कोणतीहि बाजू घेतली तरी दुसरीचें ऋण डोक्यावर राहणार आहे, अशी स्थिति म्हणजे धर्मसंकट. आपल्या पूर्वजांना हें चांगलें समजत होतें. रामायणांत एका रावणास दोन भाऊ दिले आहेत. रावणाचा पक्ष अन्यायाचा आहे हें दोघांसहि कळतें. बिभीषण भावास सोडून न्यायाच्या बाजूस जातो. कुंभकर्ण भावास त्याची चूक सांगतो, आणि त्याच्याच बाजूनें लढून मरतो. कवीनें बिभीषणास राज्य दिलें, भक्तांनीं त्याला रामभक्तांत बसविलें. पण आपल्या बोलण्यांत घरभेद्या म्हणून ज्याचें नांव निघतें तोहि बिभीषणच! एकाच मनुष्याला पूज्य मानावयाचें आणि त्याच्याच नांवानें शिवीहि द्यावयाची, ह्यांत लोकांचा गोंधळ नाहीं. न्यायाचा पक्ष घेणाऱ्यानेंहि घराचें कांहीं देणें शिल्लक ठेवलें आहे, ही लोकांची नेमकी जाणीव त्यांत आहे.

ग्रीक नाटककार सोफोक्लीस ह्याच्या ‘अँटिगनी’ नाटकांत हाच प्रश्न राजसभेंत उभा राहतो. देशावर चाल करून आलेल्या भावाचें प्रेत पुरूं नये अशी राजाज्ञा आहे. बहीण तें पुरते आणि मरण पत्करते. परंतु नाटक तेथें संपत नाहीं. आज्ञा देणारा राजा क्रेऑन ह्याचा मुलगा व बायको हीं दोघेंहि शेवटीं प्राण देतात, आणि राज्याच्या कायद्याची किंमत राजाच्याच घरांत मोजून घेतली जाते. श्रेष्ठ कलाकृतींत आणि सामान्य कलाकृतींत जो भेद आम्हांस दिसतो तो येथें आहे. नायकानें कोणती बाजू घेतली ह्यापेक्षां त्या निवडीचें मोल कोणीं दिलें, देणाऱ्यास कोणीं विचारलें होतें काय, आणि लेखकानें तें मोल शेवटच्या पैपर्यंत मोजलें काय, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत.

हीच कसोटी आपल्या चित्रपटांस लावून पाहूं. मराठी चित्रपटाच्या बाळपणापासून त्याचा सर्वांत आवडता देशभक्त तानाजी मालुसरे हा आहे. हरि नारायण आपटे ह्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ ह्या कादंबरीवरून बाबूराव पेंटर ह्यांनीं १९२३ सालीं ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. शेलारमामाचें काम त्यांत व्ही. शांताराम ह्यांनीं केलें होतें. पुढें १९३३ सालीं त्याच शांतारामांनीं ‘प्रभात’साठीं बोलका ‘सिंहगड’ केला. अलीकडे २०२० सालीं हिंदींत ‘तान्हाजी’ आणि २०२३ सालीं मराठींत ‘सुभेदार’ हे चित्रपट निघाले. शंभर वर्षें एकच कथा पुनःपुन्हां सांगावीशी वाटते, ह्याला कारण गड चढण्याचा थरार एवढेंच नसावें. त्या कथेंत मुलाचें लग्न आहे, म्हणून ती आपल्या काळजाला भिडते. घरांत लग्नाची तयारी चालली असतांना बाप तें कार्य मागें ठेवून मोहिमेवर जातो, हें ज्याच्या घरीं एक तरी लग्न झालें आहे त्याला समजावून सांगावें लागत नाहीं.

परंतु बारकाईनें पाहिलें तर ह्या कथेंत धर्मसंकट जवळजवळ नाहींच. तानाजीच्या मनांत दोन बाजू झगडत नाहींत. लग्न पुढें ढकलतां येतें, गड पुढें ढकलतां येत नाहीं. घराचा हक्क नाकारलेला नसून तो कांहीं दिवस तहकूब ठेवला आहे, आणि तो तहकूब ठेवणारा मनुष्यच परत येत नाहीं, ही त्यांतील करुणा आहे. रायबास ह्या निर्णयांत कांहीं म्हणावयाचें होतें काय, हा प्रश्न ह्या कथेच्या रचनेंतच बसत नाहीं. तो विचारला असतां तर वीररस फिका पडला असता अशी भीति दिग्दर्शकांस वाटली असावी. शिवाय पूर्वीच्या काळीं ह्या भीतीस बाहेरचेंहि कारण होतें. परसत्तेच्या अमलांत देशभक्ति उघड बोलतां येत नव्हती. ‘प्रभात’च्या १९३० सालच्या शिवचरित्रपटास ‘स्वराज्याचें तोरण’ हें नांव परीक्षणमंडळानें ठेवूं दिलें नाहीं. तो ‘उदयकाल’ ह्या नांवानें दाखवावा लागला. जेथें ‘स्वराज्य’ हा शब्दच उच्चारतां येत नाहीं, तेथें त्या शब्दाचा घरावर काय परिणाम होतो ह्याची चिकित्सा कोण करीत बसणार?

स्वातंत्र्यानंतर ही अडचण उरली नाहीं. १९४८ सालच्या ‘शहीद’ ह्या हिंदी चित्रपटांत बाप सरकारचा निष्ठावंत रायबहादूर आणि मुलगा क्रांतिकारक, अशी उघड मांडणी आहे. मुलाच्या भूमिकेंत दिलीपकुमार, बापाच्या भूमिकेंत चंद्रमोहन, आणि आईच्या भूमिकेंत आपल्या लीला चिटणीस होत्या. सरकारी नोकरींत आयुष्य गेलेले असे बाप आणि चळवळींत शिरलेले असे मुलगे त्या काळीं महाराष्ट्रांतील अनेक घरांत एकाच पंगतीला जेवत होते. म्हणून त्या चित्रपटाचा विषय पुष्कळांना घरचाच वाटला असेल. पण त्याच सुमारास चित्रपटांना एक सोपी युक्ति सांपडली. देश म्हणजेच आई, असें एकदां ठरविलें कीं आई आणि देश ह्यांतील संकट आपोआप मिटतें. मेहबूबखान ह्यांच्या १९५७ सालच्या ‘मदर इंडिया’त राधा आपल्या हातानें बिरजूला गोळी घालते. गांवच्या मुलीची अब्रू ही तेथें निष्ठेची वस्तु आहे. परंतु चित्रपटाच्या नांवानेंच त्या बाईवर सबंध देशाचा भार ठेवलेला आहे. नर्गिसच्या अभिनयाचें मोठेपण असें कीं, गोळी सुटल्यानंतर प्रतीक बाजूला पडतें आणि मुलाच्या प्रेताशीं एक शेतकरीण आई उरते. दिग्दर्शकाच्या कल्पनेंतील देवतेपेक्षां नटीनें उभी केलेली बाई अधिक खरी ठरली, आणि चित्रपट तरला तो तिच्यामुळें.

ह्या मालिकेंत एक चित्रपट आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. रमेश सिप्पी ह्यांचा ‘शक्ति’ (१९८२) हा देशभक्तिपर चित्रपट म्हणून कोणी ओळखत नाहीं. त्यांतील बाप पोलीस अधिकारी आहे, आणि त्याची निष्ठा कायद्याशीं आहे. गुंड त्याच्या लहान मुलास पळवितात आणि आपल्या साथीदाराच्या सुटकेची मागणी करतात. बाप टेलिफोनवर उत्तर देतो कीं, मुलाचा जीव गेला तरी कर्तव्य सोडणार नाहीं. इतर चित्रपटांत येथें टाळ्या पडल्या असत्या आणि प्रकरण मिटलें असतें. येथें मात्र लेखकांनीं एक साधी गोष्ट केली: बापाचे शब्द त्या मुलाला ऐकूं दिले. मुलगा वांचतो, पण तें वाक्य त्याच्या आयुष्यांतून जात नाहीं. पुढचा सबंध चित्रपट म्हणजे त्या एका वाक्याचें चढत गेलेलें व्याज आहे. बाप चुकला असें चित्रपट म्हणत नाहीं. तो बरोबर होता, आणि तरीहि ऋणी राहिला, एवढेंच तो सांगतो. ज्याच्या जिवावर निवड झाली त्याचे कान उघडे होते, हें दाखविण्याचें धैर्य आपल्या चित्रपटांत क्वचितच दिसतें.

आतां चिंचवडकडे वळूं. कारण कल्पित कथांची परीक्षा अखेर घडलेल्या गोष्टीच्या शेजारीं ठेवूनच करावी लागते. पवनेच्या कांठीं मोरया गोसावींच्या समाधीमुळें प्रसिद्ध असलेलें हें गांव आज एका अवाढव्य औद्योगिक नगराच्या पोटांत गेलें आहे. १९५४ सालीं शेजारच्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मग मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, आणि आतां ती रांग चाकणपर्यंत जाऊन भिडली आहे. ह्या गर्दींत चिंचवडच्या एका चौकास चापेकरांचें नांव आहे आणि चापेकरांचा वाडा स्मारक म्हणून जपलेला आहे. कामाच्या पाळीवर जाणारीं हजारों माणसें त्या नांवावरून रोज जातात. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे एकाच आईचे तीन मुलगे. तिघेहि फांशीं गेले.

घटना सर्वांना ठाऊक आहे. येथें तिचा सांगाडाच पुरे. १८९७ च्या आरंभीं पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें, आणि बंदोबस्तासाठीं नेमलेल्या समितीचा अध्यक्ष रँड ह्याच्या हुकमतीखालीं गोरे सोजीर घराघरांत शिरूं लागले. त्या वर्षीं २२ जूनच्या रात्रीं, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीच्या सरकारी वाड्यांतून परतत असतां रँडवर दामोदरानें गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्णाच्या गोळीनें जागींच ठार झाला. रँड ३ जुलैस मेला. सरकारनें वीस हजार रुपयांचें इनाम लावलें. गणेश शंकर द्रविड आणि त्याचा भाऊ रामचंद्र ह्यांनीं माहिती पुरविली, दामोदर पकडला गेला, आणि १८ एप्रिल १८९८ रोजीं येरवड्यास त्याला फांशीं दिलें. पुढें बाळकृष्णहि सांपडला. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्रीं धाकटा वासुदेव आणि त्याचा मित्र महादेव विनायक रानडे ह्यांनीं द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून नेऊन गोळ्या घातल्या. त्याच वर्षीं ८ मे रोजीं वासुदेव, १० मे रोजीं रानडे आणि १२ मे रोजीं बाळकृष्ण असे तिघे फांशीं गेले.

ह्या घटनेंत घर कोठें आहे? सगळीकडे आहे. वडील हरि विनायक हे कीर्तनकार होते. मुलगे त्यांच्या मागें उभे राहून साथ करीत, आणि त्यांच्याबरोबर गांवोगांव हिंडत. कीर्तनाच्या उत्तररंगांतील आख्यानें हेंच त्यांचें पहिलें विद्यापीठ. देव, धर्म, पूर्वजांचा पराक्रम, परक्यांविषयींचा द्वेष आणि सुधारकांविषयींचा तितकाच कडवा द्वेष, हें सारें ते घरांतूनच घेऊन निघाले. दामोदराचें तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्त वाचणारास ह्याविषयीं संशय राहत नाहीं. त्यांतील कित्येक मतें आज आपणांस पटणार नाहींत. तीं झांकून ठेवण्याचेंहि कारण नाहीं. आपला मुद्दा एवढाच कीं, ह्या भावांना देश आणि घर ह्या दोन वेगळ्या वस्तु म्हणून कधीं भेटल्याच नाहींत. घर हीच त्यांच्या देशभक्तीची वाट होती. सोजिरांचा अपराधहि त्यांच्या दृष्टीनें काय होता? ते घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, बायकामाणसांच्या लाजेकडे त्यांनीं पाहिलें नाहीं. रँडवर झाडलेली गोळी ही देशासाठीं होती, आणि तितक्याच खरेपणानें ती घरासाठीं होती.

वासुदेवाचें प्रकरण तर आपल्या तराजूच्या दांडीचेच तुकडे करून टाकतें. तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा. थोरला भाऊ फांशीं गेलेला, मधला तुरुंगांत. त्यानें ज्यांना मारलें ते परके नव्हते. पुण्याचेच, ओळखीचे, मराठी बोलणारे दोघे सख्खे भाऊ. हें कृत्य देशासाठीं कीं भावासाठीं? इतिहासानें तें देशाच्या खातीं मांडलें आहे, आणि तें चूक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या रात्रीं त्या मुलाच्या मनांत हीं दोन खातीं वेगळीं होतीं असें कोण म्हणेल? भावाविषयींची निष्ठाच तेथें देशनिष्ठा होऊन हातांत पिस्तूल घेते. आणि समोर जे पडले त्यांतहि भावानें भावाची साथ केलेली होती. घरभेद्या हा शब्द त्यांना लागतो. पण ते ज्या घरांतून बाहेर पडून परत आले नाहींत, त्या घरींहि एकाच रात्रीं दोन मुलगे गेले. ही गोष्ट त्यांच्या अपराधाची क्षमा करण्यासाठीं सांगावयाची नाहीं. एखाद्या कलावंताला ती दिसली नाहीं, तर त्याला त्या रात्रीचें पुणें पुरतें दिसलें नाहीं, एवढ्याच हेतूनें ती सांगावयाची आहे.

जयू आणि नचिकेत पटवर्धन ह्या दांपत्यानें १९७९ सालीं ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट केला, त्याचें महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर ध्यानांत येतें. हीं दोघें व्यवसायानें वास्तुशिल्पज्ञ. त्यामुळें वाड्याचा चौक, माजघर, बोळ ह्यांकडे त्यांनीं नुसता देखावा म्हणून पाहिलें नाहीं. संवाद विजय तेंडुलकरांचे. दामोदराच्या भूमिकेंत प्रभाकर पाटणकर, बाळकृष्णाच्या भूमिकेंत रवींद्र मंकणी, वासुदेवाच्या भूमिकेंत उदयन दीक्षित, आणि टिळकांच्या भूमिकेंत सदाशिव अमरापूरकर होते. राष्ट्रीय एकात्मतेवरील उत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिकहि त्याला मिळालें. चित्रपटाचें नांवच लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांत वीराचें नांव नाहीं, एक तारीख आहे. कोण मोठा, कोण लहान, हें आधींच ठरवून न टाकतां एका दिवसाभोंवतीं जमलेलीं माणसें पाहावीं, असें त्या नांवानें प्रेक्षकास सुचविलें आहे.

त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यानें तराजू आणला नाहीं. घर कीं देश असा टाळी घेणारा निवडीचा क्षण त्यानें रचला नाहीं. कारण तसा क्षण ह्या घराच्या इतिहासांत नाहीं. आवाज चढवून देशभक्ति शिकविण्याचा मोह त्यानें टाळला आहे. चापेकरांचा कर्मठपणा पुसून त्यांना आजच्या अभिरुचीस साजेसे उदारमतवादी करण्याचा खटाटोपहि त्यानें केला नाहीं. हीं माणसें अशीं होतीं. तीं कोपिष्ट होतीं, धाडसी होतीं, आपल्या काळाच्या समजुतींत बांधलेलीं होतीं, आणि तींच मरणास सामोरीं गेलीं. देशभक्ताला निर्दोष केल्याशिवाय त्याच्याविषयीं आदर वाटतच नाहीं, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं हा चित्रपट मुद्दाम पाहावा. २०१९ सालीं ह्याच विषयावर ‘गोंद्या आला रे’ ही मालिका निघाली. तिनें नव्या पिढीला कथेची ओळख करून दिली हें तिचें श्रेय. परंतु ह्या विषयाचा कस ज्यांत लागला, तें काम आमच्या मतें अद्यापि पटवर्धनांचेंच.

एवढी स्तुति केल्यावर उणीव सांगण्याचा अधिकार पोंचतो. तारखेभोंवतीं रचलेल्या चित्रपटाला तारीख उलटून गेल्यानंतरचें घर पाहावयास सवड राहत नाहीं. १२ मे १८९९ रोजीं चिंचवडच्या घराण्यांतील तिसरा मुलगा गेला. १३ मेची सकाळ कशी उजाडली? माजघरांत ज्या बायका होत्या, त्यांनीं कोणता कट रचला नव्हता, कोणती शपथ घेतली नव्हती. त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. शिक्षा मात्र त्यांच्या वांट्यास आली, आणि ती फांशीहून कितीतरी लांब होती. त्या काळच्या ब्राह्मण घरांत विधवेचें जिणें म्हणजे काय होतें, हें वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. पुरुषांच्या निर्णयाची किंमत स्त्रियांच्या वर्षांनीं भरली गेली, आणि आपल्या एकाहि चित्रपटानें त्या वर्षांना आपला विषय केलें नाहीं. पटवर्धनांचा चित्रपट घराच्या उंबरठ्यापर्यंत प्रामाणिकपणें येतो. उंबरठ्याच्या आंत फारसा जात नाहीं. ह्याचा दोष एकट्या त्याच्यावर नाहीं. आपल्या चरित्रग्रंथांचा, पोवाड्यांचा आणि पाठ्यपुस्तकांचाहि तोच उंबरठा आहे.

असें घर पडद्यावर दाखवितां येतें काय? येतें, असें उत्तर मेघना गुलजार ह्यांच्या ‘राझी’नें (२०१८) कांहीं अंशीं दिलें आहे. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास एक काश्मिरी मुलगी बापाच्या सांगण्यावरून हेर होऊन पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याच्या घरीं सून म्हणून जाते. येथें निर्णयापूर्वीं मुलीला विचारलें जातें, आणि ती होकार देते. पण ज्या सासरीं ती जाते, त्या सासरला कोणीं विचारलें आहे? दीर तिच्याच हातून मरतो, नवऱ्याला शेवटीं सत्य कळतें आणि तो प्राणास मुकतो. ही सासरचीं माणसें दुष्ट दाखविलेलीं नाहींत. तीं मायाळू आहेत, म्हणूनच तिच्या प्रत्येक यशाबरोबर आपला जीव आंत ओढला जातो. कार्य साधल्यावर तिला अभिमान वाटत नाहीं. ज्या नात्यांना ह्या व्यवहारांत कांहींच किंमत नाहीं, त्या व्यवहाराविषयीं तिला संताप येतो. देशाविषयींचें तिचें प्रेम कोठेंहि उणें झालेलें नाहीं. तिनें फक्त मोजणी केली आहे, आणि चित्रपटानें ती आपल्याकडूनहि करवून घेतली आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलक्यानें घेण्यासारखा नाहीं. कोणी म्हणेल, ‘अशी मोजदाद करीत बसलें तर घराबाहेर पाऊल कोण टाकील? वीरकथेचें काम मन उचलून धरण्याचें आहे; तिनें जमाखर्च कशाला मांडावा?’ ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. परतंत्र देशांत, जेथें शंभरांतले नव्याण्णव लोक भयानें गप्प असतात, तेथें एका माणसाचा निर्भयपणा नुसता सांगणें हीच मोठी सेवा असते, आणि ‘सिंहगड’ किंवा ‘उदयकाल’ ह्यांनीं ती आपल्या काळीं केली. परंतु स्वतंत्र देशांत परिस्थिति पालटते. येथें देशाच्या नांवानें त्याग मागणाराच्या हातीं सत्ता असते. मागणाऱ्याला मोल ठाऊक असलेंच पाहिजे, आणि देणाऱ्याला तें सांगितलें गेलेंच पाहिजे. जो चित्रपट हें मोल गाण्याच्या आवाजांत बुडवून टाकतो, तो वीराचा गौरव करीत नाहीं, कारण वीरानें काय दिलें हेंच तो लपवितो. दिलेली वस्तु क्षुल्लक करून दाखविली तर दानहि क्षुल्लक होतें, हा साधा हिशेब आहे.

आणि हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाहीं. ज्या पट्ट्याविषयीं आपण बोलत आहों, त्यांतच देहूरोडची लष्करी छावणी आहे; कारखान्यांत काम करणाऱ्या अनेकांचीं गांवें साताऱ्या-सांगलीकडचीं, जेथून पिढ्यान्‌पिढ्या मुलगे फौजेंत जात आले. सुटीच्या दिवशीं हीं कुटुंबें देशभक्तीचे चित्रपट पाहावयास जातात. त्या अंधारांत एखादी अशी आई बसलेली असते कीं जिचा मुलगा सीमेवर आहे. एखादी अशी सून असते कीं जिला रोज संध्याकाळीं टेलिफोनची वाट पाहावी लागते. पडद्यावरची आई कपाळाला टिळा लावून हंसतमुखानें मुलाला निरोप देते, तेव्हां ह्या आईला काय वाटत असेल? आपल्याला हंसतां येत नाहीं म्हणून आपण देशभक्तींत उण्या आहों, असें तर तिला वाटत नसेल ना? चित्रपटानें तिला धीर द्यावा हें ठीक. पण तिच्या भीतीला लाज वाटावयास लावणें हें कलेचें काम नव्हे. तिची भीति हीदेखील तिच्या देशसेवेचाच भाग आहे, असें सांगणारा चित्रपट तिला अधिक उपकारक होईल.

म्हणून आमची कसोटी शेवटीं इतकीच आहे. देश आणि घर ह्यांच्या संघर्षाचा चित्रपट पाहतांना नायकानें काय निवडलें हें विचारूं नये. तें जाहिरातींतच कळतें. तो बाहेर पडल्यावर चित्रपटाचा कॅमेरा कोणाजवळ थांबला तें पाहावें. तो नायकाच्या मागें धांवत गेला, तर ती वीरगाथा. तिचें मोल आहे, पण तें मर्यादित आहे. तो घरांत मागें राहिला, चुलीपाशीं बसलेल्या माणसाकडे वळला, आणि तेथून त्याला डोळा काढतां आला नाहीं, तर तेथें धर्मसंकटाला आरंभ झाला असें समजावें. ‘शक्ति’ तेथवर गेला, ‘राझी’ गेला, ‘मदर इंडिया’ एका नटीच्या सामर्थ्यानें गेला. चापेकरांची कथा अद्यापि तेथवर गेलेली नाहीं, जरी तिच्याइतका तो अधिकार दुसऱ्या कोणत्याहि मराठी कथेचा नाहीं.

ती कथा करावयास मोठें भांडवल लागणार नाहीं. गणेशखिंडीचा रस्ता लागणार नाहीं, घोडागाड्या लागणार नाहींत, सोजीरहि फारसे लागणार नाहींत. एक घर, त्यांतल्या स्त्रिया, आणि १८९९ च्या मे महिन्यानंतरचीं वर्षें एवढें पुरेल. चिंचवडच्या चौकांतील नांव त्यामुळें लहान होणार नाहीं. ते तिघे किती मोठे होते हें त्यांनीं मागें काय ठेवलें त्यावरून पहिल्यांदाच नीट कळेल.